कोरीव छातीचा मासा

"आवाज हाय तिथंच बघायचं. गप पाण्यात तो न्हाय."

मेढ्याच्या थोडं वर, वेण्णेच्या पात्रात गुडघाभर पाण्यात वाकलेले आबा मला मासा कुठे शोधायचा ते शिकवत होते. सगळा गाव त्यांना आबा म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणायला लागलो. गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच सरली होती. काठावर भाताची कापणी चालली होती. नदीतला पावसाचा गढूळपणा ओसरून तळाचे गोटे एकेक करून मोजता येतील इतकं पाणी निवळलं होतं. मी मात्र चुकीच्या जागी उभा होतो. मासे पाहायचे म्हणजे डोहावर जायचं, हा माझा शहरी समज. आबांनी मला डोहावरून उठवलं आणि वरच्या अंगाला नेलं. तिथे नदी उथळ होऊन धोंड्यांवरून खळाळत खाली येत होती.

रीत साधी होती. दगडाच्या खालच्या बाजूला बारीक आसाची जाळी धरायची, वरून दगड हलवायचा आणि पाण्यालाच काम करू द्यायचं. मत्स्यशास्त्राची एक विद्यार्थिनी बरोबर होती, जाळी तिची. पहिल्या चार दगडांखाली चिखल, एक खेकडा आणि दोन मुऱ्या निघाल्या. पाचवा दगड परातीएवढा होता. तो हलला आणि जाळीत काहीतरी मातकट, चपटं, तळहाताच्या रुंदीएवढं येऊन पडलं. तिने ते पाण्यासकट पारदर्शक डब्यात सोडलं. मासा सरळ डब्याच्या तळाला जाऊन बसला. म्हणजे पोहून तळाशी गेला असं नव्हे, कुणी शिक्का मारावा तसा चिकटला. तिने डबा उचलून माझ्या डोक्याच्या वर धरला. "खालून बघा," म्हणाली.

खालून पाहिलं तर माशाच्या छातीवर एक पान होतं. दोन्ही बाजूंच्या परांच्या मधोमध, लांबट पानाच्या आकाराचा एक ठसा, आणि त्यात बारीक बारीक घड्या. तांदळाच्या ओल्या पापडावर बोटं उमटावीत तशा. एडवर्ड ब्लिथ या कलकत्त्यातल्या प्राणिशास्त्रज्ञाने १८६० मध्ये या माशांच्या गटाला नाव दिलं तेव्हा त्याने याच ठशाकडे बोट दाखवलं. ग्लिप्टोथोरॅक्स हा शब्द ग्रीक आहे. त्याचा अर्थ कोरलेली छाती.

हा कोणता ग्लिप्टोथोरॅक्स, असं मी विचारलं. विद्यार्थिनीने नदीकाठी उत्तर द्यायचं साफ नाकारलं. मोजमापं घेतल्याशिवाय, भिंगाखाली घड्या पाहिल्याशिवाय ती बोलणार नव्हती. तिने फोटो काढले, माशाला परत त्याच दगडाच्या खाली सोडलं, आणि दगड होता तसा, त्याच बाजूला बसवला. आबांनी मान हलवली. त्यांना ते पसंत पडलं असावं.

या माशांचं एक जुनं मराठी नाव लंडनच्या कागदपत्रांत जपून ठेवलेलं आहे. ते तिथे पोचलं कसं, ही गोष्ट मला माशाइतकीच आवडते.

विल्यम हेन्री सायक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी. पेशवाई बुडाल्यानंतर काही वर्षांनी, १८२४ मध्ये, मुंबई सरकारने त्याला दख्खनचा स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. काम म्हणजे नव्याने हाती आलेल्या मुलखाची मोजदाद: माणसं, जमिनी, पिकं, पाऊस. सायक्सने ती केलीच, पण मोजता मोजता पक्षी, जनावरं आणि मासेही गोळा केले. विलायतेत परतल्यावर त्याने दख्खनच्या माशांवर एक निबंध लिहिला. त्यातल्या माशांची नावं शास्त्रात १८३९ सालापासून मोजली जातात. चाळीसच्या वर मासे, आणि बरेचसे शास्त्राला तोवर अपरिचित.

नव्या माशाला नाव काय द्यायचं? त्या काळची रीत अशी की एखादा मित्र, आश्रयदाता नाहीतर लॉर्ड शोधायचा आणि त्याच्या नावाला लॅटिन शेपूट जोडायचं. सायक्सनेही काही ठिकाणी ते केलं. यारेल नावाच्या इंग्रज निसर्गअभ्यासकाच्या नावाने त्याने एका अजस्र माशाचं बारसं केलं. पण पुष्कळदा त्याने काठावरच्या भोयाला, कोळ्याला विचारलं आणि जे ऐकलं तेच लिहून काढलं. त्यामुळे आज जगभरच्या संग्रहालयांच्या बरण्यांवर मराठी शब्द चिकटलेले आहेत. शिंगटी, घोगरा, कोळस, मळ्या, वाटाणा, नुकटा, अळकुटी. लॅटिनच्या पोशाखातले हे शब्द वाचताना आठवडी बाजारातून चालल्यासारखं वाटतं.

त्याच यादीत आहे लोणा. ग्लिप्टोथोरॅक्स लोणा, सायक्स, १८३९.

की लोना? सायक्सने रोमन लिपीत लिहिलं, आणि रोमन लिपीला आपला ण आणि न यांतला फरक कळत नाही. ट आणि त, ळ आणि ल यांचीही तीच गत. सायक्सच्या 'कुटर्नी'चं मूळ कटर्णी की कातरणी, 'ताक्री' ही ताकरी की टाकरी, हे आता केवळ स्पेलिंगवरून ठरवता येत नाही. मासा शास्त्राच्या हाती लागला आणि त्याच्या नावातलं एक व्यंजन मुठेत वाहून गेलं. मी लोणा लिहितो, कारण माझ्या जिभेला ते दख्खनी वाटतं. यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो. पाठ्यपुस्तकांत या सगळ्या गणाला मांजरमासे म्हणतात, आणि फारच शुद्ध लिहायचं असेल तर मार्जारमीन. नदीकाठच्या कुणाच्या तोंडी हा शब्द मी ऐकलेला नाही. तोंडाभोवतीच्या मिशा पाहून इंग्रजाला मांजर आठवलं. आपल्या लोकांना शिंग आठवलं. शिंगटा, शिंगाळा ही नावं त्यातूनच आली. आणि ज्याने हे मासे हाताने सोडवलेत त्याला शिंगच जास्त पटेल. पाठीवरच्या आणि छातीच्या परांना पुढून टोकदार काटा असतो. तो बोटात गेला की मांजराची आठवण येत नाही.

असंच आणखी एक अस्सल नाव म्हणजे खवलचोर. हाही बिनखवल्याचाच छोटा मासा, कृष्णेच्या खोऱ्यातला. लोण्यासारखा दगडाला धरून राहणारा नव्हे, पोहणारा. १९५२ मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली आणि मच्छीमारांच्या तोंडचं नाव जसंच्या तसं उचलून लॅटिन रकान्यात ठेवलं. या माशाच्या अंगावर खवले नाहीत, पण तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. म्हणून चोर. २०१८ मध्ये काही संशोधकांनी त्याचे दात, पोट आणि वागणूक तपासून ही सवय खरी असल्याचं दाखवून दिलं. मच्छीमारांनी ते नावातच सांगून ठेवलं होतं.

पण मला छातीकडे परत जायचं आहे.

डोंगरातल्या धावत्या पाण्यात राहणाऱ्या माशापुढचा प्रश्न पोहण्याचा नसतो, न वाहून जाण्याचा असतो. तलावातल्या माशाला तरंगायला हवेची पिशवी लागते. ती फुगवून-आटवून तो पाण्यात वर-खाली होतो. लोण्याला तरंगणं म्हणजे संकट. त्याच्या कुळात ही पिशवी आक्रसून अगदी लहान झाली आहे आणि हाडांच्या कुपीत बंद झाली आहे. पोट सपाट. पाठ कमानदार. पाणी वरून घसरून जावं आणि जाता जाता माशाला खाली दाबावं, अशी अंगकाठी. अंगाला खवले नाहीत. तोंड खालच्या बाजूला, ओठ जाड, भोवती मिशांच्या चार जोड्या. डोळे बारके, वरच्या अंगाला. दगडाखालच्या अंधारात डोळ्यांपेक्षा मिशांचाच भरवसा अधिक.

आणि छातीवर तो ठसा. नुसत्या डोळ्यांना दिसतात त्या कातडीच्या घड्या. शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक घडीवर अगदी बारीक आकड्यांची दाटी दिसते. आपली नखं ज्या द्रव्याची बनतात त्याच केराटिनचे हे आकडे, प्रत्येक आकडा एकाच पेशीतून उगवलेला. खडबडीत दगडावर छाती टेकली की हे हजारो आकडे दगडाच्या बारीक खाचांत अडकतात. पाणी जितकं जोराने मागे ढकलतं तितके ते अधिक रुततात. वाळवणाच्या गोधडीला आघाडा चिकटतो, आणि ओढला तर जास्तच बिलगतो, तसं. जळूसारखं चोखून धरणं हे इथलं मुख्य तंत्र नाही, घर्षण आहे. घड्यांच्या मधल्या खोलगट भागाने थोडंफार चोखलंही जात असेल, यावर अभ्यासकांत वाद आहेत.

दगडाचीही यात मदत असते. वाहतं पाणी दगडाच्या पृष्ठभागाला घासतं तिथे त्याचा वेग मंदावतो. अगदी लगतचा एक पातळ थर जवळजवळ थांबलेलाच असतो. वरून नदी धावत असते आणि चपटा मासा त्या थराच्या आसऱ्याला बसलेला असतो. आपण काठावरून पाहतो तेव्हा फेस दिसतो, गडबड दिसते. माशाच्या पातळीवर ती सावलीची जागा आहे.

हे सगळं कोडं ज्याने आयुष्यभर उलगडत ठेवलं तो माणूस म्हणजे सुंदरलाल होरा. १८९६ मध्ये पंजाबात जन्म, पुढे कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण खात्यात नोकरी, आणि १९४७ पासून १९५५ मध्ये निधन होईपर्यंत त्याच खात्याचे संचालक. डोंगरी ओढ्यांतल्या जिवांवर त्यांनी १९३० मध्ये एक मोठा प्रबंध प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी एक धाडसी तर्क मांडला. हिमालयातल्या आणि सह्याद्रीतल्या ओढ्यांत एकमेकांसारखे मासे आहेत, आणि मधल्या मैदानातल्या संथ नद्यांत हे मासे जगूच शकत नाहीत. मग ते इकडे आले कसे? होरा म्हणाले, पूर्वी सातपुडा अधिक उंच आणि अधिक ओला असणार, त्याच्या ओढ्या-ओढ्यांनी हे मासे पश्चिमेला आणि मग सह्याद्रीने दक्षिणेला उतरले. हा सातपुडा सिद्धान्त पुढे बराच झोडपला गेला. आजचे बहुतेक अभ्यासक तो त्या रूपात मानत नाहीत. मला तरी त्या चुकीत मोठी समज दिसते. होरांनी मासा पाहून भूगोल मागितला. हा प्राणी धावत्या पाण्याशिवाय एक मुक्कामही करू शकणार नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांना त्याच्यासाठी एक आख्खी डोंगररांग उभी करावी लागली.

दख्खनच्या लोण्यांची वर्गवारी होरांनीच १९३८ मध्ये नीट लावली. सायक्सच्या लोण्याशिवाय आणखी दोन निराळे आहेत, असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यातल्या एकाला त्यांनी पुण्याचं नाव दिलं, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस. दुसरा सातारा जिल्ह्यातला, याच वेण्णेतला. त्याचं नाव ग्लिप्टोथोरॅक्स ट्रेवाव्हासी. एथेलविन ट्रेवाव्हास या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या मत्स्यशास्त्रज्ञ. त्या काळात त्या खात्यात बायका किती होत्या ते वेगळं सांगायला नको. महाबळेश्वरी उगवून माहुलीला कृष्णेत मिळणाऱ्या एका लहानशा नदीतला वीतभराहून लहान मासा त्यांच्या नावाने ओळखला जातो, आणि मेढ्याच्या बाजारात हे कुणाच्या गावीही नाही.

वेण्णेचं तसं नशीबच आहे. १९११-१२ च्या सुमारास शंकर पुरुषोत्तम आघारकर हे मालवणचे तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ सातारा जिल्ह्यातल्या नद्यांत हिंडत होते. तिथे त्यांना जेलीफिश सापडला. समुद्रात नव्हे, सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यात. कलकत्त्याच्या नेल्सन ॲनन्डेलने त्याचं वर्णन केलं तेव्हा प्राणिशास्त्राच्या जगात चांगलीच खळबळ उडाली. हेच ॲनन्डेल पुढे प्राणी सर्वेक्षण खात्याचे पहिले संचालक झाले, आणि १९१९ मध्ये त्यांनी मुंबई इलाख्यातल्या काही लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लेख लिहिला, त्यात सातारा आणि पुणे जिल्ह्यांतल्या माशांवरही. 'लहान ओढे' हा त्या लेखाच्या नावातला शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नदी म्हटलं की गंगेपासून सुरुवात होते. ओढ्याकडे पाहायला माणूस मुद्दाम यावा लागतो. आघारकरांच्या नावाने आज पुण्यात संशोधनसंस्था आहे. ज्या पाण्याने त्यांचं नाव झालं त्या पाण्यात मेढ्याला दुपारी म्हशी बसलेल्या असतात, आणि त्यात वाईट काही नाही.

वाईट आहे ते वेगळं.

खळाळ म्हणजे लोण्याचं घर, हे आबांनी सांगितलं. ते घर कशाचं असतं? दगडांचं असं आपण म्हणू, पण खरं तर दगडांमधल्या पोकळीचं. गोट्यावर गोटा टेकलेला असतो तेव्हा खाली फटी राहतात. त्या फटींतून पाणी फिरतं. खळाळताना पाण्यात हवा मिसळते, म्हणून तिथे प्राणवायू भरपूर. फटींत किड्यांच्या अळ्या राहतात. काही माश्या पंख फुटल्यावर जेमतेम दिवसभर जगतात, पण त्याआधी कित्येक महिने दगडाखाली अळीच्या रूपात काढतात. काही अळ्या वाळूचे कण चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतात आणि ती पाठीवर घेऊन हिंडतात. लोणा यांच्यावर जगतो. डोंगर उतारावर रस्ता काढताना माती ढकलली, आणि पावसात ती ओढ्यात आली, की ती या फटींत बसते. वरून पाहिलं तर दगड दिसतात, पाणी दिसतं, सगळं ठीक वाटतं. खालची सगळी बिऱ्हाडं मात्र लिंपून टाकलेली असतात. वाळू-गोटा उपसणारा तर घरच ट्रॅक्टरमध्ये भरून नेतो.

आणि धरण. या विषयावर मला आरडाओरडा करायचा नाही. मी पुण्यात नळाचं पाणी पितो, ते मुठेचं अडवलेलं पाणी आहे. मुठेवर खडकवासल्याचं धरण १८७९ मध्ये पुरं झालं. पुढे त्याच खोऱ्यात पानशेत, वरसगाव, टेमघर अशी एकावर एक धरणं आली. मुळेच्या मुळाशी मुळशीचं धरण आहे, ज्याच्यासाठी शंभर वर्षांपूर्वी सत्याग्रह झाला, आणि ज्याचं पाणी डोंगराच्या पलीकडे कोकणात उतरवून वीज केली जाते. धरणाने पाणी नाहीसं होत नाही, उलट दिसतं भरपूर. नाहीसा होतो तो उतार. धरणाच्या पाठीमागे मैलोनमैल खळाळ संथ पाण्याच्या तळाशी जातात आणि त्यांच्यावर गाळ बसतो. धरणाच्या पुढे नदी कधी कोरडी, कधी सोडलेल्या पाण्याने एकदम भरलेली. आणि त्याच्याही पुढे शहराचं सांडपाणी. मासे वाचवण्याच्या आपल्या सगळ्या चर्चा पाणी 'असण्या'भोवती फिरतात. लोण्याला पाणी असून भागत नाही. पाणी चालत असावं लागतं.

'पूनाएन्सिस'ची कथा या तीन ओळींतच आहे. मुळा-मुठेच्या माशावरून होरांनी नाव दिलं. त्यानंतर पुण्याच्या माशांवर एकामागून एक लोकांनी लिहिलं. ए. जी. एल. फ्रेझर, होरा आणि मिश्र, सूटर, टोणपी आणि मुल्हेरकर, आणि अलीकडच्या काळात वाघ आणि घाटे. पुण्याइतकी बारकाईने आणि इतक्या दीर्घ काळ कुणी मोजलेली नदी महाराष्ट्रात दुसरी नसेल. प्रत्येक नव्या यादीत जुन्या यादीतले काही मासे गैरहजर. हजेरीपटावर लाल शाई वाढत जावी तसं. पुण्याचं नाव लावणारा हा लोणा इतका दुर्मीळ झाला की २०११ मध्ये नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला तेव्हा त्यांनी आपल्या शोधनिबंधाच्या शीर्षकात 'पुनर्शोध' हा शब्द वापरला. पुणे शहराच्या माशाचा पुनर्शोध! मला तो शब्द वाचून आधी आनंद झाला, मग थोडी शरम वाटली. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत हा मासा धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोडतो.

त्याच वर्षी पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मासे, शिंपले-गोगलगायी, चतुर, पाणवनस्पती मिळून १,१४६ जाती तपासल्या गेल्या आणि त्यातल्या सुमारे १६ टक्के संकटात असल्याचं निघालं. कास पठाराच्या फुलांसाठी गाड्यांची रांग लागते. त्याच डोंगराच्या कुशीतल्या पाण्याखाली काय आहे, यासाठी रांग लागावी असं मी म्हणत नाही. रांग लागलीच नाही तर बरं.

माशांना आपण वाचवतच नाही असंही नाही. महाडजवळ बिरवाडीच्या पुढे काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे, त्यांना कुणी हात लावत नाही. लोक चुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे महसीर पायाशी घोंगावतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसेश्वरालाही तसेच देवाचे मासे आहेत. लोणावळ्याला टाटांच्या धरणावर १९७० च्या दशकापासून महसीरची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात. या सगळ्यात एक अट गृहीत धरलेली आहे: मासा दिसला पाहिजे. मोठा असावा, सोनेरी असावा, हाक मारल्यासारखा वर यावा. दगडाच्या पोटाला मातकट रंगात बसून राहणाऱ्याला देव मिळत नाही. देवाच्या डोहात त्याला जागाही नाही, कारण तो डोहातला नाहीच.

अपवाद एक आहे आणि तो मनाला उभारी देणारा आहे. आंबोलीजवळ हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या देवळातल्या पाण्यात, २०२० मध्ये मुऱ्यांच्या कुळातला एक नवा मासा शोधला गेला. बोटाएवढा. त्याला नदीचंच नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एका बोटभर माशासाठी. म्हणजे सरकारी शिक्का बारक्या माशालाही बसू शकतो. देऊळ आधीपासून तिथे होतं, याचा उपयोग झालाच असेल.

लोण्याच्या मोठ्या भाईबंदांची गोष्ट याच्या उलट्या टोकाची आहे. आफ्रिकी मागूर हाही मिशाळच, पण हवेतला प्राणवायू घेऊ शकणारा, घाणीत वाढणारा, मिळेल ते खाणारा. केंद्र सरकारने २००० मध्ये त्याच्या पालनावर बंदी घातली. तरी त्याची तळी चोरून चालत राहिली. २०१९ मध्ये हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात ती नष्ट करण्याच्या मोहिमा झाल्या. पुराच्या पाण्यात तळं फुटलं की तो नदीत. ज्या पाण्यात लोणा गुदमरतो त्यात मागूर बाळसं धरतो. आपण नदीला जे करून ठेवलं आहे त्याला अगदी साजेसा मासा आपल्याला मिळाला आहे, असं कधी कधी वाटून जातं.

आबांना मी विचारलं, हे मासे खाता का. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "ह्याला काय खायाचं? दोन बोटाचा जीव. मुऱ्या मिळाल्या तर कालवण व्हतंय." मग थांबून म्हणाले, पूर्वी पहिल्या पावसात चढणीचे मासे शेतात यायचे, तेव्हा शिंगटी भरपूर. राखेत घोळून बुळबुळ काढायची, आमसूल घालायचं. आता वरून मासा येत नाही आणि खालून चढत नाही. खाली कण्हेरचं धरण आहे, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. नुसता हात केला. पूर्वी गेळाची फळं ठेचून डोहात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे, पाणी दुसऱ्या दिवशी पुन्हा चांगलं. आता कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं. "त्यानं किडंबी मरत्यात," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. त्या तीन शब्दांत आहारसाखळीचा एक धडा पुरा होता.

परतताना साताऱ्याच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. जवळच कोल्हापूर पद्धतीचा एक बंधारा होता. हे बंधारे पावसाळ्यात उघडे असतात. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत लोखंडी बरगे बसवतात, एकावर एक, दोन रांगांत, आणि मधे माती भरतात. मग मेपर्यंत पाणी तुंबून राहतं आणि उसाला मिळतं. त्या दिवशी बरगे टाकायचं काम चाललं होतं. पाच-सहा माणसं, एक साखळी, बरीच हाळी-आरोळी. वरच्या बाजूला शंभरेक पावलांवर नदी धोंड्यांवरून खळाळत येत होती. आबांच्या शिकवणीप्रमाणे बघायची जागा तीच.

चाक दुरुस्त व्हायला वेळ होता. मी टपरीवर चहा घेतला, मुकादमाशी उसाच्या दरावर बोललो. यंदा पाणी वेळेवर अडवलं म्हणून तो खूश होता, आणि त्याच्या जागी मीही असतो. ऊन उतरलं तेव्हा शेवटचे बरगे खाचांत बसत होते. मी चालत वरच्या धोंड्यांपर्यंत गेलो. त्यांची डोकी अजून पाण्याच्या वर होती, ओलसर, काळी. फेस नव्हता. थोडा वेळ उभा राहिलो, तेव्हा ध्यानात आलं की मला बंधाऱ्यावरच्या माणसांचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं.